किक नक्को

पाऊस पडतोच आहे. तुम्ही मलकपेटच्या मेट्रो स्टेशनखाली खांबाशी उभे आहात. रेल्वेपुलाखालचा रस्ता तुंबला आहे. जरा जोराची सर आली की तो तुंबतो, हे हैदराबादेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या पाण्यातून निघताना गाडी दोनदा खोकली, मग गप्प झाली, आणि तुम्ही तिला ढकलत इथवर आणले. बूट पाण्याने भरले आहेत. उजवा पाय किकवर आहे.

तो पाय खाली घ्या.

चावी फिरवा, बंद करा. दोन्ही तळवे पेट्रोलच्या टाकीवर ठेवा. टाकी गार आहे. खाली इंजिन अजून तापलेले आहे. त्यावर थेंब पडला की चर्र होते. तो आवाज ऐका. एक चर्र, मग दुसरा. हळूहळू चर्र व्हायचा थांबेल आणि थेंब नुसताच ओघळेल. तोवर काहीही करायचे नाही.

इथला मिस्त्री अशा वेळी लांबूनच ओरडतो, ‘अभी किक नक्को मारो!’ हा ‘नक्को’ आपलाच. मराठीतून दखनीत गेला, तिथे त्याला एक जादा ‘क’ चिकटला, आणि सुलतान बाजार-काचीगुड्यातल्या मराठी घरांसारखा तो इथलाच होऊन राहिला. आपल्या ‘नको’त कधी रुसवा असतो, कधी कंटाळा. मिस्त्रीच्या नक्कोत मला खांद्यावर ठेवलेला हात जाणवतो.

आता आठवा, पाणी कुठवर चढले होते? चाकाच्या आसापर्यंत, की सीटला लागले? एअर फिल्टरचे झाकण उघडून बोट फिरवा. बोट ओले झाले तर पुढचे मनन तुमच्यासाठी नाही. इंजिनात पाणी शिरले असेल, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नाही. जोर लावलात तर आतला दांडा वाकू शकतो. गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी, हे बरे. बोट कोरडे निघाले तर श्वास सोडा. भानगड बहुधा विजेची आहे, आणि विजेला वेळ दिला तर ती बरेचदा आपणहून ताळ्यावर येते.

डोळे मिटा. सीटखालच्या बॅटरीपासून निघा. तिथे 12 व्होल्ट आहेत, बोट लावले तरी कळणार नाही इतके थोडे. तारेतून कॉइलपाशी या. तिथे तांब्याचे हजारो वेढे आहेत, आणि त्यांतून बाहेर पडताना तेच दहा-वीस हजार व्होल्ट झालेले असतात. जाड काळ्या वायरीतून खाली उतरा, रबरी टोपीतून प्लगच्या टोकाशी पोचा. समोर जेमतेम पाऊण मिलिमीटरची फट. पण तिथली हवा पेट्रोलसकट दाबून भरलेली आहे, उडी अवघड आहे. आणि बाहेर, टोपीवर, पाण्याचा एक पातळ पापुद्रा इंजिनच्या धातूपर्यंत ओघळला आहे. निव्वळ पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. रस्त्याच्या पाण्यात चिखल, क्षार, काजळी सगळे आलेले असते. वीज या पापुद्र्यावरून पळते. अंधारात टोपीभोवती निळसर तडतड दिसते ती हीच. तुम्ही किक मारत राहता, ठिणगी रोज पडते तशी पडतेही, फक्त बाहेर.

डोळे उघडा. चावी बंदच आहे ना? टोपी ओढून काढा. आतून पुसा. रुमाल कोरडा नसेलच. बनियनचा पोटावरचा कोपरा बहुतेक कोरडा सापडतो. फुंकर मारा. प्लगचा पांढरा चिनी मातीचा भागही पुसा. सावकाश. पुन्हा एकदा पुसा.

नजर पश्चिमेकडे जाऊ द्या. कोटीहून येताना चादरघाटचा पूल ओलांडलात, त्याखाली मुसी आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी ती या शहरावर चालून आली आणि हजारो माणसे गेली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशे जण वाचले, असे सांगतात. नंतर बोलावणे गेले ते इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना. पुण्याजवळ खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. त्यांनी शहराभोवती नुसती भिंत घाला म्हटले नाही. वरच पाणी अडवायला सांगितले. मुसीवर उस्मानसागर झाला, तिला मिळणाऱ्या ईसीवर हिमायतसागर. पाणी येणार, हे धरूनच त्यांनी आखणी केली.

हँडलखालच्या वायरींच्या जुडग्याकडेही तसेच बघा. पाणी येणारच. कप्लरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या डबीत, शिरणाऱ्या वायरीला खाली किंचित झोळ दिला, तर थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतो. वायर वरून सरळ उतरत असेल, तर तोच थेंब तिच्यावरून थेट सांध्यात जातो. एकदा आत गेलेले पाणी तारेच्या बारीक पेडांमधून चढते, वातीत तेल चढावे तसे. शिवाय तापलेल्या स्विचवर गार सर आली की आतली हवा आकसते आणि रबराच्या कडेने पाणी ओढून घेते.

एक कप्लर अलगद उघडा. वायर ओढायची नाही, खटका दाबायचा. आत हिरवट पूड दिसते? आजी तिला कळक म्हणायची. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिले की कळकायचे. या पिनाही पितळेच्याच, वर कथलाचा मुलामा. गल्लीत भाता घेऊन येणारा कल्हईवाला भांड्यांना लावायचा तेच कथील. मुलामा घासला गेला की कळक धरतो. आणि तो आज चढत नाही, मागच्या दोन पावसाळ्यांपासून जमत आलेला असतो. सांध्यात ओहमचा पाचवा हिस्सा अडथळा आला, तर पाच अँपिअर ओढणाऱ्या हेडलाइटचा एक व्होल्ट वाटेतच जातो. दिवा पिवळा पडतो. सेल्फची मोटर त्याहून कितीतरी जास्त ओढते, म्हणून बटण दाबले की नुसते ‘टक्’ होते. घरी गेल्यावर पिना घासून, पूर्ण वाळवून, सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवता येईल. आत्ता फक्त झटका आणि बंद करा.

नव्या गाड्यांत साइड स्टँडलाही स्विच असतो. त्यात पाणी गेले की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो, आणि ती चालायला नकार देते. शेजारी खोळंबलेला कुणी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायला सुचवेल. हसा, पण ऐकू नका. फ्यूज जळतो तो वायरिंग जळू नये म्हणून.

आता काम उरलेले नाही, आणि अवघड भाग हाच आहे. वरून मेट्रो जाते, खांब किंचित थरथरतो. इतर गाड्यांवरची माणसेही उभी आहेत, कुणी पावसाकडे बघतो आहे, कुणी फोनकडे. इंजिनचीच ऊब प्लगची जागा कोरडी करते आहे. तिला दहा मिनिटे द्या. घड्याळात बघू नका. थेंब मोजा, शंभर झाले की पुन्हा एकपासून.

टोपी बसवा, ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबून. चावी फिरवा. हिरवा दिवा लागला. हेडलाइट बंद ठेवा, जमत असेल तर. आता किक.

पहिल्या किकेला काही नाही. थांबा. दुसरीला एक उचकी. तिसरीला ती लागते, अडखळते, मग धरते. गियर टाकू नका अजून. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आहे, येऊ द्या.