लिपी दोन, ठिपके तेच

बीदरच्या मैलूर रस्त्यावर कॉलेजच्या पोरांची वर्दळ असते. गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय इथे १९८० पासून आहे. पाट्या कन्नडमध्ये, बोलणं मात्र कन्नड, दखनी आणि मराठीची सरमिसळ. भालकी-औरादकडच्या मराठी घरातलं पोर पदवीपर्यंत दोन-तीन लिप्या गिरवून बसलेलं असतं. तेच पोर दृष्टिहीन असेल, तर मात्र एक गंमत होते. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये पहिला आणि तिसरा ठिपका उठला की ‘क’. मराठीतला क तोच, कन्नडमधलाही तोच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या फायलींना हा कागद कुणी जोडला असेल असं वाटत नाही.

बोटांनी एवढं सोपं केलेलं काम आपली ग्रंथालयं अवघड करून ठेवतात. ३ डिसेंबरला अपंग दिन, ४ जानेवारीला ब्रेल दिन. बॅनर लागतो, पाहुणे येतात, विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्यांना चार पावलं चालवतात. मला हा खेळ मुळीच पटत नाही. त्यातून अंधाराची भीती तेवढी कळते, न बघता वाचता कसं येतं हे कळत नाही. आणि पट्टी पाच मिनिटांत सुटते.

त्याऐवजी प्राध्यापकांना त्यांच्याच नोट्स घेऊन ग्रंथालयातल्या संगणकासमोर बसवावं. पडदा बंद, कानाला हेडफोन, एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर सुरू. नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो असतील, तर तो गप्प बसतो. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर आणखी फजिती: डोळ्यांना ‘ग्रंथालय’ दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि यंत्र तीच बरळतं. आपण वर्षभर मुलांच्या हाती काय देत होतो, हे त्या तासाभरात समजतं.

कायद्याची सबब आता उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वाचन-अपंगांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला कॉपीराइटची आडकाठी राहिली नाही. अशीच पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. सुगम्य पुस्तकालय हे अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षीच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखल्या. जागा मिळते, पुस्तक मिळत नाही. तीनशे पानं स्कॅन करून चुका काढायच्या तर आठवडे जातात, आणि नेमलेल्या पुस्तकांची यादी ग्रंथपालाच्या हाती सत्र सुरू झाल्यावर पडते. परीक्षेनंतर आलेल्या पुस्तकाचं त्या मुलाने काय करायचं? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र केंद्र २००३ पासून आहे. तेवढा पसारा प्रत्येकाला झेपणार नाही, पण यादी महिनाभर आधी द्यायला कुठे पैसे पडतात?

बीदरमध्येच महमूद गवानचा १४७२ चा मदरसा उभा आहे. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. ग्रंथालयाचं मोठेपण आकड्यात मोजायची आपली सवय इतकी जुनी. त्यातली किती पुस्तकं कुणाला वाचता येतात, हा रकाना आजच्याही वार्षिक अहवालात सहसा नसतो.

यंदा कार्यक्रम घेणार असाल तर पट्ट्या आणू नका. प्राध्यापकांना पेन ड्राइव्हमध्ये नोट्स आणायला सांगा. हेडफोन ग्रंथालयाने द्यावेत.