आगंतुक

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु लागते. रामेश्वराच्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या सरफोजी राजांनी येथे मुक्तांबाळ छत्र बांधले. ज्या मुक्तांबेच्या नावाने ते उभे राहिले ती लग्नाची राणी नव्हती; मृत्युशय्येवर तिने आपल्या नावाचे एक अन्नछत्र असावे एवढेच मागितले, अशी आख्यायिका आहे. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पाठविलेल्या पत्रात राजांनी आपल्याकडील छत्रांचा परिपाठ सांगितला आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न; शिजविलेले नको असेल त्याला शिधा; आजाऱ्याला बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्य; पोरक्या मुलांना पंतोजींच्या हवाली करून शिक्षण; वाटेत दिवस भरलेल्या स्त्रीला प्रसूतीची सोय. पंक्तीतले भेद तेथे नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु दाराशी आलेल्याने आपली योग्यता आधी सिद्ध करावी, अशी अट नव्हती. त्याचे येणे हाच त्याचा हक्क होता.

याच गावी २०१२ साली तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे एक महाविद्यालय सुरू झाले. भोवतालचा मुलूख कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा, आणि या चिखलाची स्वतःची अशी गाईगुरांची जात आहे : उंबळाचेरी. आखूड बांध्याची, घट्ट पायांची, गुडघाभर चिखलात नांगर ओढणारी ही गुरे. वासरू जन्मते तांबूस रंगाचे आणि काही महिन्यांत करडे होत जाते. गाय दूध बेताचेच देते. पण तिला दुधासाठी कोणी पाळलेच नव्हते. तिच्या पोटी खोंड यावा, हीच शेतकऱ्याची इच्छा असे. खोंड झाला की घरात पुढच्या कित्येक पेरण्यांची निश्चिंती.

मग ट्रॅक्टर आला, संकरित जर्सी आली, दुधाचा हिशेब रोजचा झाला, आणि तोच खोंड ओझे ठरला. आता कालवडच हवी. त्यासाठी शास्त्राने वाटही काढली आहे. बैलाच्या वीर्यातील ज्या पेशींपासून कालवड जन्मते त्यांत आनुवंशिक द्रव्य सुमारे चार टक्के अधिक असते. पेशींना चमकणारे रंगद्रव्य देऊन लेसर किरणांसमोरून एकेक सोडले की हा सूक्ष्म फरक दिसतो. विद्युतभाराच्या साहाय्याने थेंब दोन बाजूंना वळविता येतात. निवडलेले वीर्य बारीक नळीत भरून, शून्याखाली १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवून गावोगाव पोहोचते. त्यातून सुमारे नव्वद टक्के कालवडीच जन्मतात. दुधावर घर चालविणाऱ्या बाईला याचे मोल सांगावे लागत नाही.

यात वाईट काय, असा प्रश्न सहज विचारला जाईल. जन्मलेला खोंड उपाशी ठेवायचा, रस्त्यावर सोडायचा किंवा कसायाला विकायचा, यापेक्षा तो जन्मालाच न येणे बरे. जनावरापुरता हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. खोडण्याची गरजही नाही. अडचण एवढीच की हाच युक्तिवाद, शब्दही फारसे न बदलता, माणसाच्या बाबतीतही केला गेला आहे. १९८० च्या दशकात गर्भजलपरीक्षेची चर्चा पेटली तेव्हा, छळ सोसत जगण्यापेक्षा मुलगी जन्मालाच न आलेली बरी, आणि मुली कमी झाल्या की त्यांचे मोल आपोआप वाढेल, असे म्हणणारे सुशिक्षितही होते. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, या परीक्षेच्या दुरुपयोगाविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये तो केंद्राने केला. आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. म्हणजे गोठ्यात जी प्रगती ठरते तीच क्रिया माजघरात गुन्हा ठरते. रंगद्रव्य तेच, लेसर तोच.

हा भेद शास्त्राने केलेला नाही. शास्त्राला तो करता येणारही नाही. उंबळाचेरीच्या खोंडाचे उदाहरण या ठिकाणी फार बोलके आहे. त्याच्या गुणसूत्रांत गेल्या शंभर वर्षांत काहीही बिघडलेले नाही. ज्या लक्षणासाठी आजोबांनी नवस केला तेच लक्षण नातवाला नको झाले. बदलली ती बाजाराची गणिते. नकोसेपणा बीजात नसतो, तो पाहणाऱ्याच्या वहीत असतो. मुलीच्या बाबतीत त्या वहीत हुंडा होता, वंशाचा दिवा होता, पिंडदान होते. वही तशीच ठेवून बीज निवडीत राहणे हे सर्वांत सोपे काम, आणि म्हणूनच सर्वांत घातक.

वंशाचा प्रश्न सरफोजींना परका नव्हता. १७८७ साली तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले. पंडितांनी ते दत्तविधान आधी अशास्त्रीय ठरविले, पुढे तेच शास्त्रोक्त ठरले आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा जो प्रदीर्घ मराठी लेख कोरला गेला तो या दत्तक पुत्राने कोरविलेला आहे. रक्ताची चाचणी तेव्हा नव्हती. असती, तर तिने त्यांचे जन्मदाते दाखविले असते. त्यांनी काय करावे, कोणाला अन्न द्यावे, हे तिच्या आवाक्यात नव्हते.

तमिळनाडू सरकारने १९९२ मध्ये सेलम जिल्ह्यात पाळणा योजना सुरू केली. नको असलेली मुलगी मारू नका, या पाळण्यात ठेवून जा, कोणी काही विचारणार नाही. मुलगी टाकून देण्याची यामुळे सोयच झाली, अशी टीका तिच्यावर झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरी पाळण्यात ठेवलेल्या पोरीला त्या टीकेने काही फरक पडत नाही. ती आलेली असते. छत्राच्या ओसरीवर टेकणाऱ्या वाटसरूसारखीच, न बोलाविता. निवडीचे तंत्र जसजसे स्वस्त होईल तसतसे असे आगंतुक कमी होत जातील. केवळ मुलीच नव्हेत, तर ज्यांच्या रक्तात एखाद्या व्याधीची शक्यता दिसली तेही. काही घरांवरचे मोठे दुःख त्यामुळे टळेल, हे नाकारता येत नाही. पण दाराशी येण्याआधीच वाटेवर ज्याला परत फिरविले, त्याला शिधा नाकारला की नाही, हा प्रश्न छत्राच्या कोणत्याही वहीत नोंदला जाणार नाही.