उघडी पोथी

श्रद्धा कोठे संपते आणि अंधश्रद्धा कोठे सुरू होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा देव, नवस आणि बुवा यांच्या संदर्भातच विचारला जातो. मला तो गेल्या हिवाळ्यात एका जुन्या लॅपटॉपपुढे बसलो असता पडला, आणि त्याचा माग काढता काढता मी आमच्या अंबाजोगाईच्या डोंगरकपारीतील मुकुंदराजांच्या समाधीपाशी येऊन पोहोचलो.

निमित्त क्षुल्लकच होते. नऊदहा वर्षे इमानाने चाललेल्या माझ्या यंत्रावरील कार्यप्रणालीची मुदत संपली. यापुढे सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, नवी आवृत्ती हवी असल्यास यंत्रच नवे घ्यावे, अशा आशयाचा हुकूम पडद्यावर वरचेवर झळकू लागला. यंत्र धडधाकट होते आणि त्याचे पैसे मी केव्हाच चुकते केले होते; पण नोटीस बजावली जावी आणि अपील कोणाकडे करावयाचे हे मात्र तीत नमूद नसावे, तशी माझी गत झाली. सुटीत आलेल्या भाच्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यावर लिनक्स मिंट नावाची कार्यप्रणाली होती. “मामा, आधी नुसतं बघा,” तो म्हणाला, “पटलं तर ठेवू. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढला की तुमचं होतं तसं.”

आणि खरोखरच, हार्डडिस्कवरील एका अक्षरालाही धक्का न लागता, ती सबंध प्रणाली त्या बोटभर वस्तूवरूनच चालू झाली आणि समोर उभी राहिली. आधी अनुभव आणि मग स्वीकार, ही मुभा धर्मजीवनाने माणसाला क्वचितच दिली आहे. संन्यास घेऊन पाहू, न मानवल्यास परत येऊ, असे म्हणणाऱ्याला शास्त्राने आरूढपतित ठरविले. गुरूच्याच आज्ञेने गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या चार लेकरांना त्याची केवढी किंमत मोजावी लागली, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. मला मात्र दोन दिवस उंबरठ्यावर बसून घर न्याहाळता आले. डाव्या कोपऱ्यात ओळखीचा मेनू, लिहिण्यासाठी लिबरऑफिस, आंतरजालासाठी फायरफॉक्स. शिकण्यासारखे नवे थोडे आणि विसरण्यासारखे जुने त्याहून थोडे. तिसऱ्या दिवशी मी होकार दिला. चार जीबी स्मृतीच्या यंत्रांना झेपेल अशी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती भाच्याने बसविली, आणि जे यंत्र चालू करून मी चहाचे आधण ठेवावयास जात असे, ते आता मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत तयार असते.

धक्का पुढे बसला. वीस वर्षांपूर्वीचा माझा एक लेख उघडला, तो पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक चिवडा! भाच्याने उलगडा केला. त्या काळच्या फाँटमध्ये मी टंकलेला ‘क’ हा ‘क’ नव्हताच. आत साठविले होते रोमन अक्षर, आणि त्यावर देवनागरीचा केवळ मुखवटा चढविला होता. तो फाँट ज्या यंत्रावर नाही, तेथे मुखवटा गळून पडे. वेदान्तात अध्यास म्हणतात तो हाच: दोरीवर साप दिसावा, तसे रोमन अधिष्ठानावर माझे मराठी वीस वर्षे भासत होते, आणि मी त्या भासाला माझा लेख म्हणत होतो. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे, तेथे अक्षराचे रूप कोणत्याही फाँटचे असो, नाव त्याचे त्याच्यापाशी राहते. देवनागरीला ही ओळख १९९१ साली मिळाली. ज्या वर्षी लिनस टॉर्वाल्ड्‌स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्सचे पहिले बीज जगापुढे ठेवले, त्याच वर्षी.

लिहिलेले आपले, पण वाचण्याची किल्ली दुसऱ्यापाशी, हा अनुभव बीड जिल्ह्याला नवा नाही. अंबाजोगाईचे नाव जेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद होते, तेव्हा हैदराबाद संस्थानाचा कारभार १८८४ पासून उर्दूत चाले; जमीन मराठी शेतकऱ्याची, घाम त्याचा, आणि त्याच्या जमिनीचा दस्तऐवज मात्र त्याला वाचता येणार नाही अशा लिपीत. २०२३ साली निझामकालीन नोंदी शोधण्यासाठी शासनाने समिती नेमली, तेव्हा दप्तरे बाहेर निघाली, पण ती वाचण्यासाठी मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे हुडकावी लागली. यात उर्दूचा दोष नाही. ती समर्थ भाषा आहे. प्रश्न अधिकाराचा आहे.

‘अधिकार’ हा शब्द येताच मुकुंदराज आठवतात. वेदान्ताचा कोणताही प्रकरणग्रंथ आरंभीच विचारतो की या विद्येचा अधिकारी कोण, आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांतील अपशूद्राधिकरण त्याचे उत्तर देताना समाजाच्या फार मोठ्या भागाला दाराबाहेर उभे करते. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ हा मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा रचनाकाळ परंपरेने मानला जातो. विदर्भातील अंभोऱ्याचा मुकुंदराजांवरील दावाही विद्वान पुढे करतात. तो वाद त्यांनी लढवावा. आम्हांला महत्त्वाचे हे, की संस्कृताच्या कुलुपात असलेले अद्वैत या ग्रंथाने मराठीत आणून ठेवले.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी आरंभिलेल्या ग्नू प्रकल्पाने, आणि त्यातून सिद्ध झालेल्या जीपीएल या परवान्याने, आज्ञावलींच्या जगात हाच अधिकारप्रश्न उपस्थित केला. टॉर्वाल्ड्‌स यांनी १९९२ साली लिनक्स याच परवान्याखाली आणले. परवान्यामागील स्वातंत्र्ये चार, आणि त्यांची गणना शून्यापासून होते: वापरण्याचे, मूळ संहिता वाचून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचे. म्हणून १९९३ मध्ये डेबियन झाले, त्यातून २००४ मध्ये उबुंटू, उबुंटूतून २००६ मध्ये मिंट. प्रत्येकाने पूर्वसूरींचे घेतले, त्यात आपली भर घातली, आणि कोणालाही कोणाच्या दारी अर्ज करावा लागला नाही. अट मुख्यतः एकच, की जे स्वातंत्र्य तुला मिळाले, ते तू पुढच्याला नाकारू नयेस. आपल्याकडे याला ऋषिऋण म्हणतात. ते ऋषीला परत करावयाचे नसते, पुढे शिकवून फेडावयाचे असते.

येथे माझ्याच मनाने मला अडविले. लिनक्सच्या गाभ्याच्या संहितेत तीन कोटींहून अधिक ओळी आहेत, आणि त्यांतील एकही मला उमजत नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. त्याही पुऱ्या वाचणारे आपल्यात किती निघतील? चार स्वातंत्र्यांपैकी मी केवळ शून्यावे भोगतो. मग कालपर्यंत एका कंपनीवर विश्वास ठेवीत होतो, आज अनोळखी लोकांवर ठेवतो. श्रद्धास्थान पालटले, श्रद्धा तशीच आंधळी राहिली, असेच म्हणावयाचे काय?

मला तसे वाटत नाही. शब्दप्रमाणावाचून कोणाचाही संसार चालत नाही. वैद्याची पुडी आपण पृथक्करण करून घेत नाही. परंतु ‘मी तपासले नाही’ आणि ‘मला तपासू दिले जात नाही’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यातील अंतर होय. श्रद्धाळू माणूस पोथी उघडीलच असे नाही. पण ती उघडण्यास जेथे बंदी असते, तेथे शहाण्याने सावध व्हावे.

अर्थात उघडेपणालाही त्याचे रोग आहेत. गोदावरीच्या पलीकडे पैठणास एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, कारण तीनशेच्या आतबाहेर वर्षांत नकलाकारांनी तिच्यात पाठभेद माजविले होते. आणि पुन्हा कोणी आपली ओवी तीत घुसडू नये, अशी ताकीदही नाथांना द्यावी लागली. जीपीएलने भर घालण्याची बंदी केली नाही, पण बदल केल्याची ठळक नोंद ठेवण्याची जबाबदारी घातली. नोंद असली तरी ती वाचणारा हवा, हे खरेच; ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघड्या संहितेत दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांपुढे पडून होती आणि २०१४ साली उघडकीस आली.

त्याहून बोलकी हकीकत २०२४ सालची. एक्सझेड नावाच्या एका लहानशा साधनात, दोन वर्षे सेवकाच्या वेषात राहून विश्वास संपादन केलेल्या कोणा टोपणनावाच्या व्यक्तीने चोरदरवाजा बसविला. तो नामवंत लिनक्स प्रणालींच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता. अँड्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टच्या चाकरीत असलेला अभियंता दुसऱ्याच कामात होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्याच्या ध्यानात आले. दुसरा कोणी असता तर खांदे उडविले असते. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला, उघडी संहिता उलगडीत मुळाशी गेला, आणि २९ मार्च रोजी जगाला सावध केले.

त्या दिवशी मी बहुधा अंबाजोगाईत निवांत झोपलो होतो. पोथी उघडी असण्याचा उपयोग मला काय, याचे उत्तर मला येथे मिळाले, आणि ते मराठीच्या एकाच क्रियापदात मावते: एकाने वाचले, म्हणून सगळे वाचले.