पाळीचा तक्ता आणि परीक्षेची तारीख

नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाकडे निघाले की आधी मराठा विद्या प्रसारक समाजाच्या संस्था लागतात, मग आनंदवल्ली आणि पुढे गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. समाजाची स्थापना १९१४ ची. बहुजनांच्या मुलांना शाळेपर्यंत आणण्यासाठी. विद्यापीठ १ जुलै १९८९ चे. ज्याची शाळा सुटली, त्याच्या घरापर्यंत जाण्यासाठी. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी न झालेल्याला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीला बसता यावे, नोकरी न सोडता शिकता यावे, अशी सोय इथे झाली. वय, अंतर, हुकलेली इयत्ता या अडचणींवर विद्यापीठाने उत्तर शोधले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ मात्र त्याच्या हातात नाही. तो सुपरवायझरच्या हातात आहे.

रस्त्याच्या दक्षिणेला सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एखाद्या ऑपरेटरने प्रवेश घेतला, पुस्तके आली, संपर्कसत्र रविवारी ठरले. पण साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी नसली, किंवा परीक्षेच्या आठवड्यात रात्रपाळी लागली, तर पुढचे सगळे साहेबांच्या एका सहीवर येते. ती सही देताना साहेबांच्या मनात एक शंका असते: शिकला की हा सोडून जाईल. शंका खोटी नाही, काही जण जातातही. पण अडवून ठेवलेला माणूस टिकतो, हे मला पटत नाही.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भेटतात. रंगांधळेपणामुळे त्यांची चित्रकला सुटली, मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. तिथे बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९१० मध्ये कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसवली. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे इंजिनिअर म्हणून उभे राहिले. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाच्या हाती यंत्र सोपवायचे, तर वरच्याला थोडे नुकसान सोसण्याची तयारी ठेवावी लागते. लक्ष्मणरावांनी ती ठेवली. या चरित्रातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

कारण शिकणाऱ्याचा हात चुकणारच. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांतील चमू तपासले. चांगल्या चमूंत औषधांच्या चुका कमी असतील, असा तिचा अंदाज होता. नोंदी मात्र तिथेच जास्त सापडल्या. तिथली माणसे चूक लपवत नव्हती, हा त्याचा उलगडा. शॉप फ्लोअरवरही रिजेक्ट झालेला जॉब सुपरवायझरच्या टेबलावर येतो की गुपचूप भंगारात जातो, यावरून त्या विभागात कोणी काही शिकते आहे का, ते कळते. आधी ‘कोणी केले?’ असे विचारणारा सुपरवायझर स्वतःच माहितीची वाट बंद करतो. ‘कसे झाले?’ असे विचारून यंत्रापाशी दहा मिनिटे उभा राहणारा खरा शिक्षक.

हॉटेलच्या हॉलमधल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर माझा फारसा भरवसा नाही. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की नुसते पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरते. अंतराने उजळणी झाली तरच टिकते. ट्रेनिंगहून परतलेल्या माणसाला त्याच आठवड्यात नवे काम हाताळायला दिले नाही, तर खर्च वाया जातो. आणि ते द्यायचे की नाही, हे ट्रेनिंग देणारा ठरवत नाही, पाळ्यांचा तक्ता लावणारा ठरवतो. कामगाराचे शिक्षण रोज ठरते ते त्या तक्त्यावर. वर्षाअखेरीच्या अप्रायझलमध्ये फक्त त्याची नोंद होते.

म्हणून विभाग सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. मुक्त विद्यापीठाचे परीक्षेचे वेळापत्रक लागले, की आपल्या हाताखालच्या किती जणांची हॉल तिकिटे आली आहेत, ते आपणहून विचारा. पुढच्या महिन्याचा तक्ता त्यानंतर लावा.