कोणाचो रे तू?

कोकणात अनोळखी पोर अंगणात आलं, की म्हातारी माणसं नावाआधी विचारतात, "कोणाचो रे तू?" आजोबा कोण, वाडी कुठली, आजोळ कुठलं, एवढं कळलं की पोर घरचं होतं. प्राण्यांचं वर्गीकरण करणारं शास्त्रही प्रत्येक जिवाला हेच विचारत आलं आहे.

सकाळी मासळीची पाटी दारात उतरते. बांगडे, सुंगटां म्हणजे कोळंबी, तिसऱ्यो म्हणजे शिंपल्या. आपल्या लेखी सगळी मासळीच. शास्त्राला मात्र त्या एका पाटीत तीन घराणी दिसतात. बांगड्याला पाठीचा कणा आहे. सुंगटाचं कवच बाहेरून आणि पाय सांध्यासांध्यांचे. ते कुर्ली, मुंगी आणि फुलपाखराच्या भावकीतलं, संधिपाद. तिसरी गोगलगाईच्या भावकीतली, मऊ अंगाची, मृदुकाय. नात्यानं पाहिलं तर बांगडा पाटीतल्या सुंगटापेक्षा आपल्याला जवळचा आहे, कारण कणा त्यालाही आहे आणि आपल्यालाही.

दिसण्यावरून नातं ठरवलं तर कसं फसायला होतं, हे पाहायला कुडाळजवळच्या पिंगुळीत जाऊ. तिथं ठाकर समाजानं चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ पिढ्यानपिढ्या सांभाळले. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पडद्यामागे दिवा असतो आणि समोर बसलेल्यांना दिसते ती सावली. त्या पडद्यावर मोरी, म्हणजे शार्क, आणि डॉल्फिन यांच्या बाहुल्या धरल्या, तर दोघं सख्खे भाऊ वाटतील. तेच निमुळतं अंग, पाठीवर तोच त्रिकोणी पर. पण खऱ्या समुद्रात दोघं पोहू लागले, की कुळाचं वळण दिसतं. मोरीची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वरखाली. धावणाऱ्या कुत्र्याचा कणाही असाच वरखाली वाकतो. मोरी कल्ल्यांनी श्वास घेते. डॉल्फिनला श्वासासाठी पाण्यावर यावंच लागतं, आणि त्याची मादी पिल्लाला दूध पाजते.

प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडनच्या कार्ल लिनियसनंही देवमासे आणि डॉल्फिन आधी माशांतच मोजले होते. १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्यानं त्यांना तिथून उचललं आणि सस्तन प्राण्यांत आणून बसवलं. स्वतःच्याच हातानं केलेली मांडणी त्यानं मोडली. आपल्या भाषेत नाव मात्र 'देवमासा'च राहिलं.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपण म्हणतो. डॉल्फिनचं कूळ शोधणारे थेट जमिनीवर पोचले. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोट भागातून गोळा केलेल्या दगडांत एका लहानशा, खुरांच्या प्राण्याची हाडं होती. त्याचं नाव इंडोहायस, काळ सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ साली त्याच्या कानाच्या हाडाची जाड कड अभ्यासकांनी जगापुढे मांडली. तशी कड देवमासे आणि डॉल्फिन यांच्या कुळातच दिसते. आजच्या प्राण्यांत त्यांचा सर्वांत जवळचा नातलग आहे पाणघोडा.

सावलीवरून ओळख पटकन होते, म्हणून ती आपल्याला सोयीची वाटते. आपण जिवांना तसंच ओळखतो, आणि पुष्कळदा माणसांनाही. नातं कळायला पडद्यामागे जावं लागतं, हाताशी.

बाहुली नाचवणारा तो हात पाहा. खांद्याशी एक हाड, कोपराखाली दोन, मनगटाची बारीक हाडं, मग पाच बोटं. डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या पराच्या आतही हाडांची हीच मांडणी आहे, पाच बोटांसकट.

आज सकाळी तोंड धुताना पाण्याखाली धरलेला आपला हात क्षणभर पाहावा. त्याच वेळी मालवणच्या समुद्रात एखादा डॉल्फिन श्वासासाठी वर आलेला असेल. कोणाचो रे तू, हे त्यालाही विचारता येईल आणि आपल्यालाही. सांगताना दोघांनाही बऱ्याच पिढ्या मागे जावं लागेल, पण आजोळ एकच निघेल.