महाकालाची न्याहारी आणि आपली





उज्जैनीत राहणाऱ्या आपल्या साऱ्यांना भस्मआरतीचं मोठं अप्रूप. पण पहाटे चारच्या या आरतीनंतर सात-साडेसातच्या सुमारास महाकालाची दद्योदक आरती होते, तिच्याकडे आपलं तितकं लक्ष नसतं. या आरतीला देवाला दहीभाताचा नैवेद्य असतो. प्रत्यक्ष काळाचाही काळ, पण जागा झाल्यावर तीन-साडेतीन तासांत त्याच्यापुढे अन्न येतं. मग ज्या देहाकडून आपण सेवा करून घेतो, त्याला दुपारपर्यंत उपाशी का ठेवायचं?

आपल्यातले बरेच साधक जप, पारायण, पूजा पूर्ण होईपर्यंत पोटात काही घेत नाहीत. भाव चांगलाच आहे, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण हिशेब तर बघा. रात्री नऊला जेवलो आणि सकाळी अकराला पहिला घास घेतला, तर चौदा तास झाले. अशा वेळी तोंडाने नाम आणि मन स्वयंपाकघरात! गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितलंय की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर विशेष जपावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि वर काही खाल्लं नाही, तर हात थरथरतात, दरदरून घाम येतो, भोवळ येते. माळ ओढताना असं झालं तर ती समाधी समजू नका! शुद्धीत असतील तर लगेच साखर-पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा. औषध, न्याहारी आणि पूजा यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून बसवा. एकादशी-प्रदोषाचा उपासही त्यांना विचारूनच.

आता खायचं काय? आपल्या माळव्यात उत्तर ठरलेलं: पोहे-जिलबी! वाफेवरचे पोहे, बडीशेप, वर शेव आणि जिरावण. पण जिलबी म्हणजे मैदा आणि पाक, ती सणावारी बरी. रोजच्या पोह्यांत दाणे घाला, मटार किंवा मोडाचे मूग घाला, म्हणजे पोट जास्त वेळ धरतं. वरून लिंबू पिळा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागतं. सोबत वाटीभर दही किंवा एखादं फळ. याला खर्च फार नाही. याच नगरीत सांदीपनींच्या आश्रमात कृष्णाबरोबर शिकलेल्या सुदाम्याने द्वारकेला नेले ते मूठभर पोहेच होते, आणि देवाने ते आवडीने खाल्ले.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हरसिद्धी मातेच्या मंदिरात महालक्ष्मी आणि महासरस्वती यांच्या मधोमध अन्नपूर्णा विराजमान आहे. धन असो वा विद्या, मध्ये अन्न हवंच! आणि आपल्या घरची अन्नपूर्णा? सगळ्यांचे डबे भरते, देवपूजा करते, सासू-सासऱ्यांना चहा देते आणि साडेअकराला उरलेसुरले गार पोहे उभ्या उभ्या खाते. कधी तेही नाही, नुसता चहा. देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेला नैवेद्य आणि चुलीपुढची उपाशी, ही सेवा सद्गुरूंना कशी पोचणार?

म्हणून या आठवड्याचा संकल्प: सकाळी देवाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा, आणि नऊच्या आत घरातल्या सर्वांनी न्याहारी करायची. पहिली बशी घरातल्या माउलीच्या हातात द्यायची, ती बसून खाईपर्यंत बाकीच्यांनी वाढायचं. मग पारायणाला बसा, मन कसं लागतं ते बघा.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु. शुभं भवतु 🙏