प्रतिपक्षाचे म्हणणे

न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हार कशावरून ठरवायची याची 22 कारणे दिली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. विषय सोडून भलतेच बोलणे, मध्येच हेतू बदलणे, अर्थहीन बडबड करणे असे बरेच काही त्यांत आहे. त्यांतले एक मला विलक्षण वाटते: अननुभाषण. प्रतिवाद्याने आपले म्हणणे तीनदा मांडले, सभेला ते कळले, आणि तरीही तुम्हाला ते परत उच्चारून दाखवता आले नाही, की तुम्ही हरलात. तुमचे उत्तर किती बिनतोड होते, याची चौकशीच होत नाही.

लेखी युक्तिवाद तपासायला याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. एखादा लेख पटू लागला की मी आधी पाहतो, हा गृहस्थ ज्याचे खंडन करतो आहे त्याचे म्हणणे त्याने कसे सांगितले आहे? ज्याचे ते म्हणणे आहे त्याने ते वाचून मान डोलावली असती का?

प्राचीन वादसभा फार सात्त्विक असत, असे मात्र समजू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी वाद कसा घालावा याचे धडे आहेत, आणि ते वाचून हसू येते. प्रतिस्पर्धी कमी शिकलेला असेल तर लांबलचक सूत्रे म्हणून त्याला दडपून टाकावे; परिषदेला आधीच गाठून आपल्याला सोयीचा विषय ठरवून घ्यावा. न्यायसूत्रांनीही सत्यासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची पाडणारी वितंडा असे तीन प्रकार केले, आणि शेवटच्या दोघांना हाकलून मात्र दिले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्या लावतात तसा त्यांचा उपयोग सांगितला. तरीही सभेत एक सोय होती. प्रतिपक्षी समोर बसलेला असे. ‘मी असे म्हटलेच नाही’ हे तो तिथल्या तिथे सांगू शके.

ग्रंथात ही सोय गेली. प्रतिपक्षाचे म्हणणे म्हणजे पूर्वपक्ष आणि त्याला दिलेले उत्तर म्हणजे उत्तरपक्ष, दोन्ही एकाच हाताने लिहिले जाऊ लागले. पूर्वपक्ष आधी मांडायचा ही शिस्त टिकली, आणि ती लहान गोष्ट नव्हे. 14 व्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात माधवाचार्य पहिलेच प्रकरण चार्वाकांना देतात. पण चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे नाहीसे झाले. उरले ते बहुतांशी विरोधकांनी सांगितलेले चार्वाक. सदाशिव आठवले किंवा आ. ह. साळुंखे यांना मराठीत चार्वाकांवर लिहायचे झाले तेव्हा विरोधकांच्याच लेखनातून मूळ माणूस उकरून काढावा लागला. ‘ऋण काढून तूप प्या’ एवढीच ज्यांची ख्याती उरली, ते प्रत्यक्षापलीकडच्या प्रमाणांवर फार अवघड प्रश्न विचारत होते, हे सामान्य वाचकाला क्वचितच कळते. खंडन करणारा माणूस उदार असला तरी प्रतिपक्षाचे कोणते वाक्य उद्या लोकांच्या तोंडी राहील, हे तोच ठरवत असतो.

छपाईने परिस्थिती पालटायला हवी होती. आता प्रतिपक्षालाही छापखाना होता. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत घडले ते मात्र थोडे उलटे. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि मराठी गद्याला जी धार आली ती आजही जाणवते. पण लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर लिहिताना ही धार बहुतेक वेळा माणसावर चालते. फुल्यांच्या पुस्तकांचे व्याकरण, भाषा, शैली यांची चेष्टा होते. त्यांनी विचारलेला प्रश्न परत उच्चारला जात नाही. न्यायशास्त्राच्या हिशेबात हे सरळसरळ अननुभाषण आहे, आणि वाचताना मजा येते म्हणूनच ते लक्षात येत नाही. फुल्यांनाही सूट देऊ नये. 1873 ची गुलामगिरी संवादरूपात आहे. धोंडिबा शंका विचारतो, पण जोतीरावांना खरोखर अडवील अशी शंका त्याच्या तोंडी क्वचितच येते.

ताराबाई शिंद्यांनी वेगळी वाट काढली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे 1882 मधले पुस्तक त्याचे उत्तर आहे. स्त्रियांवरचा एकेक आरोप त्या उचलतात आणि विचारतात, हा दोष पुरुषात नाही काय? इथे आरोप सौम्य केलेला नाही की विकृतही केलेला नाही. तो जसाच्या तसा उलटा फिरवला आहे. पुस्तकाची भाषा संतापाची आहे. अनुभाषण चोख आहे. सभ्य भाषा आणि प्रामाणिक युक्तिवाद यांची सांगड आपण फार सहज घालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

1891 च्या संमतिवयाच्या वादात तर वाचकाला दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. बालिकांवरचा अत्याचार थांबावा का, हा एक. परक्या सरकारने त्यासाठी कायदा करावा का, हा दुसरा. टिळकांचा मुख्य विरोध दुसऱ्यावर होता, पण वाद शास्त्रवचनांत शिरला आणि रा. गो. भांडारकर विरुद्ध टिळक असा रंगला. तिथे दोघांनाही एकच वचन उद्धृत करावे लागे, त्यामुळे निदान पाठ तरी बदलता येत नव्हता. आगरकरांनी सरळ जमीनच बदलली: शास्त्र काहीही म्हणो, योग्य काय ते बुद्धीला विचारू. हा डाव निर्भीड होता, पण त्याने शास्त्र मानणाऱ्या वाचकाशी बोलणे संपते, हेही खरे.

या परंपरेत मला सर्वांत पुढचे पाऊल दिसते ते 1937 मध्ये. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषण आधी वाचून घाबरले, आणि परिषद रद्द झाली. आंबेडकरांनी ते भाषण 1936 च्या मे महिन्यात स्वखर्चाने छापले. इंग्रजीतल्या त्या पुस्तकाचे नाव ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. जुलैत गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. कोणत्याही सुधारकाला हे भाषण दुर्लक्षिता येणार नाही असे म्हणून त्यांनी आठ आणे किंमत जास्त आहे, दोन, निदान चार आणे करावी, असेही सुचवले. मग आंबेडकरांचा आरोप तीन भागांत सांगितला: अमानुष वर्तन, त्याचे निर्लज्ज समर्थन, आणि त्या समर्थनाला शास्त्राचा आधार.

म्हणजे गांधींनी अनुभाषण केले होते. आंबेडकरांची तक्रार अशी की ते अपुरे आहे. उत्तरात त्यांनी आपले मुद्दे पुन्हा मांडले: चातुर्वर्ण्याच्या पायावर समाजाची पुनर्रचना अशक्य आणि घातक आहे; ती स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर व्हावी; त्यासाठी शास्त्रांचे दैवी प्रामाण्य गेले पाहिजे. गांधींच्या सारांशात दुखणे आले होते, उपाय गळला होता. भाषणातली शास्त्रवचने संशयास्पद आहेत या गांधींच्या आक्षेपाला आंबेडकरांचे उत्तर तर फार मार्मिक आहे: ती सगळी टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत. धर्माला त्याच्या उत्तम नमुन्यांवरून तोलावे, या गांधींच्या सूत्राला ते मान्यताही देतात आणि पुढे विचारतात, मग उत्तम इतके थोडे आणि वाईट इतके फार का? गांधी वंशपरंपरागत धंद्याचा पुरस्कार करतात, मग बनिया असून वकिली का केली, हा टोला वैयक्तिक वाटतो. पण ज्याने आचरणाचा नियम सांगितला त्याचे आचरण तपासणे विषयाबाहेरचे नाही, असे माझे मत.

खरी गोष्ट पुढे आहे. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींचे लेख परिशिष्ट म्हणून छापले आणि त्यानंतर आपले उत्तर. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही सुरुवातीला आहे. पूर्वपक्ष आता सारांशात नव्हता, प्रतिपक्षाच्याच शब्दांत होता. पुस्तकाच्या आत पुन्हा सभा भरली आणि मध्यस्थाची जागा वाचकाला मिळाली.

हल्लीच्या अग्रलेखांत आणि फोनवर फिरणाऱ्या मजकुरात प्रतिपक्षी बहुधा ‘काही तथाकथित विचारवंत’ या नावाने येतो. अनेकवचनी आणि बिननावाचा. त्यामुळे ‘हे माझे म्हणणे नाही’ असे सांगायला कोणी उभाच राहू शकत नाही.

महाराष्ट्र शासनाने 1979 मध्ये काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात भाषण, गांधींचे लेख आणि आंबेडकरांचे उत्तर हे सगळे एकत्र आहे. मी लोकांना ते वेगळ्या क्रमाने वाचायला सांगतो. आधी गांधींचे लेख, आणि मग थांबून कागदावर लिहून काढायचे की यावरून मूळ भाषण काय असेल असे वाटते. मग भाषण. आंबेडकरांचे उत्तर सगळ्यांत शेवटी, कारण ते आधी वाचले की गांधींच्या सारांशात काय सुटले ते आपल्याला आयते कळते, आणि ते स्वतः शोधायचे राहून जाते.